दवाचं तळं आणि विरजणाचा थर्मामीटर

मुलीकडे ब्रायटनला जायचं ठरलं तेव्हा बायकोच्या यादीत बकिंगहॅम पॅलेस होता आणि माझ्या यादीत तळी.

३१ वर्षं जलसंधारण खात्यात काढली, त्यातली बरीचशी माण-खटावात. पाझर तलाव, नालाबांध, गावतळी. कुठे पाणी साठलेलं दिसलं की ते कुठून आलं आणि अजून गेलं का नाही, हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. जावयांनी दोन वर्षांपूर्वी एक फोटो पाठवला होता. गवताळ टेकडीच्या अगदी डोक्यावर बशीसारखं गोल तळं, कडेला मेंढरं. वर पाणलोट नाही, ओढा नाही, झरा नाही. खाली लिहिलेलं, ‘बाबा, याला इथे ड्यू पाँड म्हणतात. दवाने भरतं म्हणे.’ मी खात्याच्या सवयीने लगेच उत्तर दिलं, ‘दवाने भरत नाही.’ पाठवल्यावर मात्र ते उत्तर मलाच टोचत राहिलं. साइट न बघता शेरा मारला होता.

यंदा सप्टेंबरात साइट बघून आलो.

दिवस पहिला, गुरुवार

ब्रायटनमधून ७७ नंबरची बस सरळ डेव्हिल्स डाइकच्या माथ्यावर नेऊन सोडते. समुद्रकिनाऱ्यावरून निघून माथ्यावर जायला अर्धा तास. खाली उतरलो आणि वाऱ्याने टोपी नेली, ती जावयांनी पळत जाऊन आणली.

साउथ डाउन्स म्हणजे विंचेस्टरपासून ईस्टबोर्नपर्यंत पसरलेली खडूच्या टेकड्यांची रांग. २०१० पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत १६० किलोमीटरची पायवाट जाते. खडू म्हणजे खरोखर खडू; बूट घासला की पांढरी रेघ उठते. सह्याद्रीची सवय झालेल्या डोळ्यांना या टेकड्या आधी फारच गुळगुळीत वाटतात, कुणी उलथन्याने थापल्यासारख्या. कडा नाही, कातळ नाही. दक्षिणेला समुद्राकडे हळूहळू उतार, उत्तरेला एकदम घसरण.

डाइक ही खडूतली खोल, कोरडी घळ. जवळजवळ १०० मीटर खोल, आणि तळाला ओढा नाही! माणूस तिथे उभा राहिला की आपोआप कान टवकारतो, कारण एवढ्या खोल घळीत पाण्याचा आवाज हवाच. दंतकथा अशी की सैतानाने इथल्या गावांतली देवळं बुडवायला समुद्रापर्यंत चर खणायला घेतला. एका म्हातारीने मेणबत्ती लावली, कोंबडा आरवला, आणि पहाट झाली समजून तो अर्धवट काम टाकून पळाला. अर्धवट टाकलेली कामं मीही पुष्कळ पाहिली आहेत, पण त्यांना एवढं चांगलं कारण कधी मिळालं नाही. खरं कारण हिमयुगातलं. तेव्हा जमीन गोठलेली होती, खडूत पाणी मुरत नव्हतं, आणि वितळलेल्या बर्फाचे लोट वरूनच वाहत गेले. गारठा सरला, खडू पुन्हा पाणी पिऊ लागला, घळ कोरडी पडली.

म्हणजे वर पडलेला सगळा पाऊस आत जातो. ते पाणी बघायला आम्ही उत्तरेच्या उतारावरून फुलकिंग गावात उतरलो. ओला खडू साबणासारखा असतो हे तिथे पाठीवर पडून कळलं. ‘बाबा, बसूनच उतरा,’ असं जावई म्हणाले, तोवर मी निम्मा उतरलोही होतो.

फुलकिंगला रस्त्याच्या कडेला, टेकडीच्या पायथ्यातून, झरा नुसता बदाबदा वाहतो. खडूत मुरलेलं पाणी खालच्या चिकण थरावर अडतं आणि इथे बाहेर पडतं. पायथ्याची गावं, पॉयनिंग्ज, फुलकिंग, एडबर्टन, एकाच रेषेत आहेत ती याच झऱ्यांमुळे. पूर्वी कातरणीच्या आधी मेंढरं इथे आणून धूत. एकोणिसाव्या शतकात जॉन रस्किन यांनी हे पाणी गावाला मिळवून देण्याच्या कामात मदत केली. कलासमीक्षक म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्यांना दगडांचीही चांगली जाण होती. झऱ्यापाशी छोटंसं पंपघर आणि त्यांच्या स्मरणाची फरशी आहे.

तर मामला असा: पाणी पायथ्याला, चारा माथ्यावर, मध्ये दीड-दोनशे मीटरचा खडा चढ. मेंढरं रोज पाण्यासाठी उतरवून पुन्हा चढवली तर खाल्लेलं सगळं तिथेच जिरणार. आमच्याकडे डोंगरावर पाणी हवं तर काळ्या कातळात टाकं खोदतात, तो कातळ पाणी धरतो. इथे खोदाल तेवढं पाणी पळेल. रोजगार हमीत आम्ही पाणी मुरावं म्हणून जिवाचं रान केलं. इथे सगळा डोंगरच पाझर तलाव आहे आणि मेंढपाळाच्या ते मुळावर आलेलं. ब्रायटनच्या नळाला येणारं पाणी याच खडूतून उपसलेलं असतं, ही गोष्ट वेगळी.

दिवस दुसरा, शुक्रवार

दिवसभर पाऊस. घरीच. नातीला विचारलं, फळ्यावर लिहायचा खडू कुठून येतो? ती म्हणाली, शाळेत फळा पांढरा असतो आणि पेन असतं. विषय संपला.

संध्याकाळी गच्चीवर ठेवलेल्या बादलीत पट्टी घालून बघितली. बावीस मिलिमीटर. माणमध्ये पावसाळ्यात एवढा पाऊस पडला तर पेपरात बातमी येते.

दिवस तिसरा, शनिवार

आजचा दिवस खरा. आगगाडीने हॅसॉक्सला उतरलो, तिथून चालत क्लेटनच्या चढावर. माथ्यावर जॅक आणि जिल नावाच्या दोन पवनचक्क्या आहेत. जिल १८२१ मध्ये ब्रायटनला बांधली आणि १८५२ मध्ये बैल आणि घोडे जुंपून ओढत इथे आणून उभी केली. अख्खी पवनचक्की! बायको म्हणाली, ‘आणि आपल्याला दुसऱ्या खोलीत कपाट सरकवता येत नाही.’

तिथून दक्षिणेला दोन-अडीच किलोमीटरवर ‘छत्री’ नावाचं स्मारक आहे. तळ्यांच्या नादात ही जागा सुटली असती, मुलीने आग्रहाने नेलं. पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी शिपायांसाठी ब्रायटनचा राजवाडा, रॉयल पॅव्हिलियन, इस्पितळ केला होता. तिथल्या इस्पितळांत जे हिंदू आणि शीख शिपाई दगावले, त्यातल्या ५३ जणांना या माळावर अग्नी दिला. जिथे चिता रचल्या त्या जागी ग्रॅनाइटच्या तीन शिळा, आणि वर आठ खांबांची पांढऱ्या संगमरवराची छत्री. आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुकाराचा. १ फेब्रुवारी १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सने तिचं अनावरण केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात हाच राजपुत्र पुण्यात आला आणि शिवस्मारकाची कोनशिला बसवून गेला. ते मला माहीत होतं, हे नव्हतं.

चारी बाजूंना मेंढरं चरत होती. बायकोने चप्पल काढून हात जोडले. एक मेंढी चपलेचा वास घ्यायला आली.

पुन्हा वर चढून कड्याच्या वाटेने पूर्वेला डिचलिंग बीकनकडे निघालो. बीकन २४८ मीटर, पूर्व ससेक्समधलं सगळ्यात उंच ठिकाण. आमच्या हिशोबाने टेकाड. वाट जवळजवळ सपाट, वर चंडोल. आणि बीकनच्या अलीकडे, वाटेला लागूनच, ते तळं.

पहिल्या नजरेला निराशा झाली, हे लिहिलं पाहिजे. फोटोत मोठं वाटलेलं. पावलांनी मोजलं तर या काठापासून त्या काठापर्यंत चोवीस पावलं, म्हणजे १८ मीटर. उन्हाळा नुकताच सरल्यामुळे पाणी काठापासून चार-पाच पावलं आत गेलेलं, बाकी राखाडी चिखल. पण चिखल दिसला आणि माझी निराशा पळाली. तोच तर बघायला आलो होतो.

उकिडवा बसलो. वरचा थर मऊ, बोटभर. त्याखाली नख घातलं तर शिरेना. मेंढ्यांचे खूर उमटलेले, एकात एक, शेकडो. आणि प्रत्येक खुरात चमचाभर पाणी तसंच उभं होतं. मुरलं नव्हतं. चार पावलं बाजूला, गवतात, बुटाच्या टाचेने खड्डा करून बाटलीतलं पाणी ओतलं. मी बाटलीचं झाकण लावेपर्यंत ते नाहीसं झालं. नात म्हणाली, ‘आजोबा, परत करा.’ परत केलं. परत नाहीसं.

ही तळी बांधायची रीत आता वाचून पाठ झाली आहे. हवं त्यापेक्षा मोठी, उथळ बशी खोदायची. त्यात चिकणमाती पसरून पाणी मारायचं, आणि बैल नाहीतर घोडे गोल गोल फिरवून ती तुडवायची, लोण्यासारखी होईपर्यंत. माती नसेल तिथे खडूच कुटून, भिजवून ठोकायचा. गांडुळांनी भोकं पाडू नयेत म्हणून चुन्याचा थर. उन्हाने तडकू नये म्हणून वर पेंढा. खुरांनी फाटू नये म्हणून त्यावर खडे, माती, गारगोट्या. मी ३१ वर्षं केलं ते हेच! आमच्या बांधाच्या पोटात काळ्या मातीचं हार्टिंग, म्हणजे न गळणारा गाभा असतो, पाण्याकडच्या अंगाला पिचिंग, म्हणजे दगडाचं अस्तर. फरक एवढाच, की आम्ही भिंत न गळणारी करतो आणि तळ मुरायला मोकळा सोडतो, हे लोक तळच भिंतीसारखा बांधतात. आपलं प्लास्टिक अंथरलेलं शेततळं याच जातीचं. आता इथेही दुरुस्तीला कुठे कुठे रबराचं अस्तर घालतात.

मग दवाची गोष्ट आली कुठून? १७७५ च्या मे महिन्यात इकडे कोरड पडली होती. हॅम्पशरमधल्या सेलबोर्न गावचे पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनी तेव्हा टिपून ठेवलं की खालची मोठी तळी आटली आणि टेकडीवरची लहान तळी मात्र टिकली. त्यांच्या घरावरच्या टेकडीवर असंच एक होतं: ३० फूट व्यास, मध्ये खोली तीन फुटांहून जास्त नाही, आणि त्यावर तीन-चारशे मेंढ्या व वीसेक मोठी जनावरं पाणी पीत. हे पाणी रात्रीच्या धुक्यातून, दवातून भरत असावं, असं त्यांना वाटलं. निरीक्षण पक्कं होतं. पुढच्यांनी त्यावर इमले बांधले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर ही तळी अश्मयुगातली आणि पेंढ्याच्या थरामुळे गार राहून दव ओढणारी, इथपर्यंत मजल गेली. शेवटी एडवर्ड मार्टिन नावाच्या अभ्यासकाने प्रत्यक्ष मोजमाप केलं आणि १९१५ मध्ये छापलं की दवाचा वाटा नगण्य, पाणी पावसाचं.

मी तळ्याकाठीच वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. १८ मीटर व्यास, म्हणजे २५४ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे २५४ लिटर. ब्रायटनला वर्षाला साधारण ८०० मिलिमीटर पडतो, टेकडीवर त्याहून जास्त. ८०० च धरला तरी दोन लाख लिटर. दव? चांगलं पडलं तरी रात्रीला मिलिमीटरचा तिसरा हिस्सा धरू. तळ्यावर पडलंच असं मानलं तर पंच्याऐंशी लिटर. वीस मेंढ्यांना पुरेल. आणि पाणी टिकतं याचं साधं कारण म्हणजे इथे वर्षभरात उघड्या पाण्यावरून जेवढं उडतं त्याहून जास्त आकाशातून पडतं. माणात पडतं त्याच्या तिपटीहून जास्त उडून जातं. तिथे हीच बशी मार्चमध्ये तडकली असती.

हिशोबात तासभर गेला आणि खाली जाणारी बस डोळ्यांदेखत गेली. पुढची यायला वेळ होता. बायको काही बोलली नाही, तिने फक्त सँडविचचा रिकामा डबा दाखवला.

दिवस चौथा, रविवार

गाडीने स्टेनिंग, तिथून चढत चँक्टनबरी रिंग. लोहयुगातली गढी, आत रोमन काळातल्या देवळांचे अवशेष, वर बीच झाडांचं गोल टोपलं. ही झाडं १७६० मध्ये चार्ल्स गोरिंग यांनी लावली. ऑक्टोबर १९८७ च्या वादळाने त्यातली बरीच आडवी केली, आताची बरीचशी नंतरची आहेत. रिंगणाला उलट्या दिशेने सात फेऱ्या मारल्या तर सैतान वाडगाभर सूप आणून देतो अशी समजूत. बदल्यात आत्मा. दोन फेऱ्यांत दम लागला. सूप आम्ही गावात विकत घेतलं.

रिंगच्या पश्चिमेला दवतळं आहे. साधारण १८७० मधलं. १९७० मध्ये ससेक्स डाउन्समेन या संस्थेने दुरुस्त केलेलं. कालच्यापेक्षा देखणं, पाणी जास्त, त्यात ढगांची प्रतिबिंबं. फोटो काढणाऱ्यांची रांगच होती. मला मात्र कालचं चिखलाचं जास्त आवडलं.

तिथल्या बाकावर बसून जावयांना तळी बांधणाऱ्यांबद्दल सांगत होतो. हे काम कुणीही करत नसे. विल्टशर परगण्यात इंबर, मार्केट लॅव्हिंग्टन अशा गावांत ठराविक घरं होती, पिढीजात. त्यांच्या टोळ्या थंडीच्या महिन्यांत हत्यारं घेऊन दक्षिण इंग्लंडभर फिरत, जिथे बोलावणं तिथे मुक्काम, तळं बांधून पुढे. ऐकताना मला आपले माती-वडार आठवले, गाढवं आणि बिऱ्हाड घेऊन बांधाच्या कामावर येणारे. लेव्हल मशीन मी लावायचो, पण माती किती ओली हवी ते त्यांच्यातला म्हातारा मुठीत दाबून सांगायचा. त्याची मूठ एकदाही चुकली नाही.

इंबर आता नाही. डिसेंबर १९४३ मध्ये लष्कराने सरावासाठी गाव रिकामं करून घेतलं, माणसं परत गेलीच नाहीत. ‘धरण न बांधता धरणग्रस्त,’ जावई म्हणाले. बरोबर बोलले.

मेंढ्याही आता पूर्वीसारख्या नाहीत. पूर्वी दिवसा माथ्यावर चारून रात्री खाली नांगरटीच्या शेतात ताट्या लावून कोंडत, लेंडीखतासाठी. आपल्याकडे वाघर लावून शेतात मेंढरं बसवतात, हुबेहूब तेच. पुढे कृत्रिम खत आलं, दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर माळ नांगरले गेले, नळाचं पाणी टाक्यांत आलं. तळ्याची गरज संपली. आणि वापर थांबला की असं तळं फार दिवस राहत नाही. काठावर झुडूप उगवतं, मूळ तळात शिरतं, एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात माती तडकते, संपलं. आता उरलेली राखतात ती मुख्यतः चतुर, बेडूक आणि पाणसरड्यांसाठी.

दिवस पाचवा, सोमवार

रात्री मुलीला विचारलं, घरात थर्मामीटर आहे का? तिच्याकडे स्वयंपाकघरातला होता. इथल्या थंडीत दही लागत नाही म्हणून दुधाचं तापमान बघून विरजण लावते. ‘कशाला हवाय?’ ‘तळ्यात घालायला.’ ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘न्या, पण सांभाळून.’

आकाश रात्रभर मोकळं होतं. जावयांना ऑफिस होतं, म्हणून साडेपाचलाच निघालो. बीकनच्या वाहनतळावर पोचलो तेव्हा उजाडायला लागलेलं. खालच्या सपाटीवर धुकं दुधासारखं साचलेलं, त्यातून फक्त देवळाची टोकं वर. दव असं की तळ्यापर्यंत पोचेतो बूट, मोजे आणि गुडघ्यापर्यंत विजार पिळून काढावी अशी.

गवताच्या पात्यांत थर्मामीटर खुपसला: ७ अंश. हवा, छातीच्या उंचीला: ९. मग चिखलात पाय रोवून, एक हात जावयांच्या हातात देऊन, पाण्यात धरला. १४. पुन्हा धरला, १४. पाण्यावर वाफेचा बारीक पदर हलत होता. दव गार वस्तूवर बसतं. पाणी दिवसाची ऊब रात्रभर धरून ठेवतं, म्हणून गवत ओलंचिंब झालं तरी तळ्यावर दव बसायला जागा नाही. उलट तळंच हवेला पाणी देत होतं. दोन वर्षांपूर्वीचा शेरा बरोबर निघाला. जावयांना म्हटलं, ‘बघा.’ ते म्हणाले, ‘बघितलं. गाडीत बसू या का? पाय गारठलेत.’

पण मला मेंढ्या पाणी पिताना एक फोटो हवा होता, कार्यालयातल्या जुन्या मित्रांना पाठवायला. पन्नासेक मेंढ्या तळ्यापासून हाकेच्या अंतरावर चरत होत्या. थांबलो. वीस मिनिटं, अर्धा तास. ऊन आलं, धुकं विरलं. एकही मेंढी पाण्याकडे फिरकेना. एक अगदी जवळ आली, दहा पावलांवर, आणि तिथेच मान खाली घालून चरत राहिली. तिने तोंड वर केलं तेव्हा दिसलं, नाकापासून डोळ्यांपर्यंत सगळं तोंड भिजलेलं, हनुवटीवरून थेंब गळत होते.

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दहिवडीच्या माळावरचा एक मेंढका मला म्हणाला होता, पावसाळ्यात मेंढरं आठ-आठ दिवस पाण्याला तोंड लावत नाहीत साहेब, गवतातच पाणी असतं. इथे ते रोज पहाटे असतं. दव तळ्यात पडत नाही, मेंढीच्या पोटात जातं, आणि तेवढं तळ्यातलं शिल्लक राहतं. माझ्या हिशोबात मी पावसाचे दोन लाख लिटर मांडले होते, उडणारं मांडलं होतं; मेंढी किती पीत नाही, हा रकाना काढलाच नव्हता.

गाडीत बसल्यावर जावयांना म्हटलं, ‘त्या दिवशी मी फोनवर जे लिहिलं होतं ना, त्यात थोडी दुरुस्ती आहे.’ ते हीटर लावत होते, त्यांना ऐकू आलं नाही.

घरी पोचलो तर मुलगी दारातच. थर्मामीटर हातात घेतला, टोकाला लागलेला राखाडी चिखल बघितला, आणि म्हणाली, ‘बाबा, आज दही तुम्हीच लावा.’